त्या सकाळच्या इशाऱ्याची नोंद

रोशनी रामटेके रागावली की तिचा आवाज चढत नाही, खाली येतो. तिची आई कलाबाई म्हणते, ही पोरगी ओरडली असती तर परवडलं असतं. ही हळू बोलायला लागली की समजावं, आज कोणाची तरी खैर नाही. यंदा मोहफुलांच्या दिवसांत रोशनी महिनाभर हळूच बोलत होती.

ब्रह्मपुरीत एका संस्थेचं छोटंसं कार्यालय आहे. जंगलालगतच्या साठ गावांना वाघाची वर्दी देणं हे तिचं काम. प्रत्येक गावात एक राखणदार, त्याच्या हातात संस्थेचा फोन, फोनमध्ये रोशनीने बनवलेलं ॲप. ताजे पंजे दिसले की राखणदाराने बटण दाबायचं आणि गावातल्या बायांच्या फोनवर इशारा वाजायचा. पूर्वी राखणदार पत्र्याचा डबा बडवत गावात धावायचे. संस्थेचे प्रमुख गोपाल सर यांनी ते बंद करवलं. आरडाओरड्याने घबराट होते, बटण दाबा आणि गप राहा, असं त्यांनी प्रशिक्षणात दोनदा बजावलं होतं.

कोसमटोल्याचा मुखरूभाऊ हा तसा राखणदार. पन्नाशीचा, मितभाषी, सांगितलं ते अक्षरशः पाळणारा. चैत्रातल्या एका पहाटे त्याला नाल्याच्या ओल्या वाळूत पंजे दिसले. त्याने बटण दाबलं आणि माग काढत पुढे गेला. इशारा मात्र कोणाच्याच फोनवर वाजला नाही. तासाभराने आशाबाई मोहाखाली वाकून फुलं वेचत होती, तेव्हा वाघाने तिच्यावर झडप घातली. जीव वाचला, उजवा हात कायमचा अधू झाला.

मग सुरू झालं ते चोर सोडून संन्याशाला फाशी. गोपाल सरांनी बैठक बोलावली, ॲपची नोंदवही उघडून दाखवली. त्या पहाटेची एकही ओळ तिथे नव्हती. मशीन खोटं बोलत नाही, ते म्हणाले, नोंद नाही म्हणजे इशारा पाठवलाच नाही. मुखरूभाऊचा फोन काढून घेतला गेला. गावाने ठरवूनच टाकलं, हा झोपला होता. त्याच्या घरी विस्तव मागायलाही कोणी जाईना.

रोशनी त्या बैठकीत खुर्चीत बसून होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण ती नोंदवही कोरी का आहे हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. जानेवारीत सरांचाच फोन आला होता. फोनची जागा भरते, नेट उगाच खर्ची पडतं, तुझ्या त्या फालतू ओळी बंद कर. तिने एक शब्द बदलला होता. आधी ॲप सगळं लिहायचं, नंतर फक्त बिघाड लिहायला लागलं. आणि इशारा वाटेत कुठे अडकून पडणं हा ॲपच्या लेखी बिघाड नव्हताच. आदेश त्यांचा होता, पण शब्द तिने बदलला होता, तोही हूं की चूं न करता. राग यायचा तो आधी स्वतःचा यायचा.

तो शब्द ॲपच्या पोटात शिवलेला होता. बदलायचा तर साठही फोनमध्ये नवं ॲप घालावं लागे. आता रोशनीने ते एकदाच घातलं आणि तो शब्द बाहेर काढून एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवला. कोणत्या गावाने काय लिहायचं, सगळं की फक्त बिघाड, किती दिवस, ओळी कधी पुसायच्या, हे सगळं ती फाईल ठरवणार होती. ॲपला हात न लावता कार्यालयात बसून एकाच गावाचं तोंड उघडता येणार होतं. तिने कोसमटोल्याचं उघडलं. सरांपुढे हळू आवाजात अडून बसून मुखरूभाऊचा फोन पंधरा दिवसांसाठी परत मिळवला. या खेपेस डबाही बडवा, असं तिने त्याला स्वतः जाऊन सांगितलं.

नवव्या दिवशी पुन्हा पंजे दिसले. डब्याच्या आवाजाने बाया घरी परतल्या. नोंदवहीत चार ओळी उमटल्या. पाच एक्केचाळीसला बटण दाबलं. पाच एकोणपन्नासला इशारा कार्यालयात पोचला. मंजुरीसाठी थांबला. सात एकोणपन्नासला शिळा म्हणून आपोआप पुसला गेला. मंजुरी द्यायची होती गोपाल सरांनी. घबराट नको म्हणून ती अट त्यांनीच ॲपमध्ये घालून घेतली होती. आठच्या आत त्यांचा फोन सुरू होत नसे.

सरांनी त्या ओळी वाचल्या आणि तिला समजावलं. फाईलमधला एक शब्द तर आहे, आता किती सोपं, करून टाक बंद. रोशनी म्हणाली की बाकी सगळं बंद होईल, पण इशारा कोणाकडे किती वेळ थांबला ही ओळ कोणालाच बंद करता येणार नाही, तशीच तिने ती बांधली आहे. मग सर हसले. बरं, पण त्या दिवसाचं काय, त्या दिवसाचा पुरावा कुठे आहे?

पुरावा नव्हताच. आता लिहायला लावलेलं मशीन मागचं कसं सांगणार? रोशनीने एक कागद घेतला आणि लिहिलं. त्या पहाटेची नोंद नाही कारण जानेवारीत गोपाल सरांच्या सांगण्यावरून मी ती बंद केली. मुखरूभाऊंनी इशारा पाठवला नाही असं त्यावरून कोणालाही म्हणता येत नाही. खाली सही केली. नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. तो कागद आणि त्या चार ओळी तिने कोसमटोल्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवल्या आणि सगळ्यांसमोर मुखरूभाऊची माफी मागितली.

मुखरूभाऊ उठला. तिला वाटलं, आता याचा जीव हलका झाला असेल.

"बाई, आता मशीन बोलून राह्यलं तं समदे ऐकून राह्यले," तो म्हणाला. "मी तं त्याच दिवशी सांगतलो होतो, इशारा धाडलो म्हून. पन्नास वर्सं झाले मी या गावात राह्यतो. मायं काऊन नाई ऐकलं कोनी?"

ज्यांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ते सगळे समोरच बसले होते. एकानेही मान वर केली नाही.