हरवल्याचा दाखला

ती जीप मला अजून स्वप्नात दिसते. कधी पांढरी, कधी हिरवी, कधी निळी. धुक्यातून येते, वळणावर थांबते आणि आत कुणीच नसते.

मी तेव्हा पोलादपूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावण संपत आला होता. आंबेनळी घाटात सकाळी दहा वाजताही चार हातांपलीकडचे दिसत नव्हते. गवताचा भारा घेऊन निघालेल्या, वाडीवरच्या एका बाईला जीपने उडवले. चालक जीप तिथेच टाकून, नंबर प्लेट उपटून पळाला. बाईचा पाय मोडला होता. महाडच्या दवाखान्यात तिने जबाब दिला, "धुकं होतं, तोंड नाय दिसलं. हात दिसला. पाणी पाजलान नि पळाला."

चेसिसवरचा गंज डिझेलने पुसला, वर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे उमटले. खरवडलेल्या पत्र्यावर पांढऱ्याखाली हिरवा रंग निघाला, हिरव्याखाली निळा. त्या आकड्यांवरून आरटीओने दोन मालकांची नावे कळवली. पहिला दासगावचा, दुसरा आणि शेवटचा महाडचा.

दासगावचा म्हातारा पडवीत बसून सावित्री नदीकडे पाहत होता. माझ्या वेळी निळी होती, म्हणाला. अर्ध्या गावच्या नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या. मग हळूच त्याने विचारले, "अजून चालते ती?" मला वाटले, आपण कागद उलटतोय तशी जीप तरुण होत चालली आहे.

तेवढ्यात खबर मिळाली की महाडचा मालक आखातातून सुट्टीवर आलाय आणि चार दिवसांनी परत जाणार आहे. त्याला ठाण्यात बोलावले, पासपोर्ट ठेवून घेतला. हिरवी असतानाच, सहा वर्षांपूर्वी जीप विकली, असे तो सांगत राहिला. कुणाला? ठाऊक नाही. परदेशी निघायची घाई होती, एजंटाने पुढे केलेल्या कोऱ्या हस्तांतर फॉर्मांवर त्याने सह्या केल्या होत्या. एजंट पुढे वारला. आमच्या भागात निम्म्या गाड्या अशाच विकल्या जातात, तरी मी हसलो.

"शिकलेला माणूस ना तू? न वाचता सही करतोस?"

"विश्वास ठेवला, साहेब."

वेळेवर हजर झाला नाही तर त्याची नोकरी जाणार होती. आरोपी म्हणून नाव लागले तर परत जाणेच बंद. मी त्याला रोज सकाळी बोलवायचो, संध्याकाळी सोडायचो. कागद त्याच्याकडे बोट दाखवत होता आणि मला तेवढे पुरेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको डबा घेऊन आली. डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "गाडी गेल्यापासनं आमच्या दारात टायरची खूण नाय. आमचे हे तर तिकडं होते. मागाहून कागद कुणी फिरवले ते बघा ना, साहेब."

बोलणे झोंबले. हवालदाराला पाठवून आरटीओतली पूर्ण फाइल आणवली. त्यात दीड वर्षापूर्वीचा एक अर्ज होता. मूळ आरसी बुक हरवले, दुसरे द्यावे. नाव याचेच, सही याच्यासारखी. पासपोर्टवरचे शिक्के पाहिले. त्या महिन्यात हा देशातच नव्हता. अर्जाला आरसी हरवल्याचा पोलिसांचा दाखला जोडलेला होता. ठाणे आमचे. खाली सही माझी.

टेबल, पंखा, बाहेरचा रस्ता, सगळे धुक्यात गेल्यासारखे झाले. अर्जदाराचा चेहरा आठवेना. दाखल्यांचा गठ्ठा यायचा, चहा पिता पिता मी सह्या करायचो. ओळखपत्र पाहिले नव्हते.

गहाळ वस्तूंच्या आमच्याच नोंदवहीत त्या अर्जदाराचा मोबाइल नंबर होता. त्यावरून घाटाखालच्या गावात माणूस सापडला. जीप नावावर करून न घेताच, जुन्या मालकाच्या नावाने दुसरे आरसी बुक काढून तो तिच्यात प्रवासी भरून चालवत असे. तासभर तो नाही नाही म्हणत राहिला. मग म्हणाला, "पाणी पाजून गेलोय साहेब मी तिला. मरायला टाकून नाय पळालो." पाण्याबद्दल मी त्याला काही सांगितले नव्हते.

तो दाखला मी खातरजमा न करता दिला, हे केस डायरीत मी स्वतः लिहिले. एका सहकाऱ्याने एवढे गाळा म्हणून सुचवले. गाळले नाही. कारणे दाखवा नोटीस आली, शिक्षा झाली. ती रास्तच होती. साध्या माणसाने कोऱ्या कागदावर सही केली तर तो स्वतः भोगतो. खुर्चीवरच्या माणसाने केली तर भलताच कुणी भोगतो, आणि वर खुर्ची त्यालाच हसते. मी हसलो होतो.

महाडचा मालक आखातात निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला पासपोर्ट परत दिला आणि पोचपावती पुढे केली. त्याने ती उचलली आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचली. अख्खे ठाणे थांबले होते. मग सही करून कागद माझ्याकडे सरकवला.

"आता तुम्ही वाचा, साहेब."

मी वाचला.