खिडकीपाशी उभी राहणारी बाई

औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या त्या प्राध्यापिकेला विद्यार्थी पाठीमागे ‘घड्याळबाई’ म्हणत. स्मृतिभ्रंशावरच्या एका औषधाच्या ती सहा वर्षं मागे लागली होती आणि हातातलं स्टॉपवॉच काही सुटत नव्हतं.

काम असं: आठवण मंदावलेला उंदीर गढूळ पाण्याच्या टाकीत सोडायचा आणि पाण्याखाली लपवलेला पाट त्याला किती सेकंदांत सापडतो ते मोजायचं. औषध दिलेले उंदीर ती सकाळी स्वतः सोडायची. दुपारी तिचे तास असत, म्हणून औषध न दिलेले उंदीर तिची संशोधक विद्यार्थिनी सोडायची. औषधवाले निम्म्या वेळात पाट गाठत. लेख तयार होता, सोमवारी धाडायचा होता. घरी वडिलांनाच तो आजार, त्यामुळे हे आकडे बघून तिचं काळीज सुपाएवढं झालं होतं.

रविवारी आई मावशीकडे गेली आणि वडिलांनी बाथरूम समजून तिसऱ्यांदा कपाट उघडलं.

“बाबा, रोज तर बरोबर जाता!”

“रोज ही दाराशी बसलेली असते. आज कुठे उलथलीय कुणास ठाऊक!”

आई परतल्यावर तिने हे सांगितलं.

“म्हणजे चाळीस वर्षं संसार करून मी नुसती पाटी झाले म्हण की,” आई म्हणाली.

घड्याळबाई हसली आणि हसता हसता तिला टाकी आठवली. घड्याळ नीट दिसावं म्हणून तीही रोज सकाळी खिडकीपाशीच उभी राहायची, आणि पाट नेमका तिच्या पुढ्यात असायचा. विद्यार्थिनी मात्र दुपारी वाटेल तिथे उभी असे.

सोमवारी पाट होता तिथेच ठेवून ती मुद्दाम दाराकडे उभी राहिली. औषध दिलेल्या आठांपैकी सात उंदीर तडक दाराकडे पोहत आले आणि तिच्यासमोर घिरट्या घालू लागले.

“मॅडम, हे तर तुम्हालाच शोधतायत!” विद्यार्थिनी म्हणाली. मग हळूच, “पण हे लेखात लिहायलाच हवं का?”

“अगं, उद्या हे औषध कुणाच्या तरी वडिलांना देतील. त्यांच्यासमोर काय मी जाऊन उभी राहणार आहे?”

लेख गेला नाही. टाकीभोवती पडदा लागला, त्यावर खुणेसाठी मोठ्या आकृत्या चिकटवल्या. दोघी पडद्याआड गेल्या. कुठल्या उंदराला औषध दिलंय हे दोघींनाही कळणार नाही, अशी व्यवस्था केली. चार महिन्यांनी औषधाचा फायदा उरला तो जेमतेम अडीच सेकंदांचा. तिने तेवढाच लिहिला.

घरी आई बाहेर निघाली की आता बाथरूमच्या दाराशी खुर्चीवर तिची शाल पसरून ठेवतात. वडील दार चुकत नाहीत. कधीमधी शालीवर डाफरतात, इतकंच.