पंचमीच्या दिवशी तलवार

तलवार कशी धरावी, कशी उगारावी आणि मुख्य म्हणजे कशी उगारू नये, याबद्दल आमच्या थोरल्या साडूंइतका अधिकारी माणूस बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दुसरा सापडायचा नाही. त्यांनी आयुष्यात हातात धरलेलं सर्वांत लांब पातं ऊसतोडीच्या कोयत्याचं, ही गोष्ट वेगळी. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. काटेवाडीला त्यांचा ऊस आहे, गोठा आहे आणि साठीतही लिंबू तोलून धरतील अशा मिशा आहेत. दोनेक वर्षांपूर्वी पाय मोडून ते खाटेवर पडले, तेव्हा त्यांच्या लेकीनं, पल्लवीनं, टीव्हीवर एक जपानी कार्टून मालिका लावून दिली. कार्टून हा शब्द मात्र दाजींसमोर काढायचा नाही. मी एकदा काढला होता. "पाव्हणं, कार्टून मांजरा-उंदराचं असतंय," ते म्हणाले, "ह्यो इतिहास हाय." मिठागरातल्या एका अनाथ पोराला तलवार सापडते आणि तो खोटं बोलला की ती हातात जड होते, असा हा इतिहास. तो नक्की कुठल्या शतकातला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मालिका जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं. ती वाचून होईपर्यंत दोघंचौघं कापले जायचे. हिंदी आवाजातलीही लावून पाहिली, पण "त्यो फौजदारावानी बोलतोय" म्हणून दाजींनी ती बाद केली. मग पल्लवी शेजारी बसून एकेक वाक्य मोठ्यानं मराठीत सांगू लागली, तेही काटेवाडीच्या मराठीत. त्यामुळे चिलखतातला सेनापती शत्रूच्या छातीवर तलवार टेकवून "आरं, दमानं घे की जरा" म्हणायचा आणि दाजी खूश होऊन मान डोलवायचे, "गडी बोलायला मोकळा हाय." बाप-लेकीचा हा कार्यक्रम रोज गाईंच्या धारा झाल्या की सुरू व्हायचा. पाय बरा झाला, काठी सुटली, पण कार्यक्रम काही सुटला नाही.

दाजींचा मूळ पिंड पारख करणाऱ्याचा. बाजारात गाय बघायला गेले तर गुण आणि खोड दोन्ही मालकाच्या तोंडावर सांगून मोकळे होतात. तोच न्याय मालिकेला. एकदा भिगवणला आम्ही दोघं मासे खायला बसलो होतो. ताटातली चिलापी निवत होती आणि दाजी बोलत होते, "गुण म्हंजी, हरलेल्याला लाथ मारत न्हाईत, वाकून नमस्कार करत्यात. आन् पाणी काय काढलंय! धरणाच्या पाण्याला बी जमंना तसं. पर खोड बघा. तलवार उगारली की गड्याला मेलेल्या आईची आठवण येती. अन् त्याची आठवण सरूस्तवर समोरचा उभा! आमच्यात बांधावरच्या भांडणात थांबतंय का कुणी? वर कुठला वार करणार त्याचं नाव आधी वरडून सांगत्यात. आन् एवढी मुंडकी उडवली, पर दगडावर धार लावताना एकदाबी दावला न्हाय!" रस्स्याची वाटी घेऊन आलेला वाढपी तसाच उभा राहून ऐकत होता. त्याला वाटलं, यांच्या गावात काहीतरी भयंकर घडलंय.

पल्लवीचं लग्न इंदापूरला ठरलं तेव्हा मालिकेचं शेवटचं पर्व राहिलं होतं. मांडवात दाजींनी नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीची पकड मंगलाष्टकांच्या आधी स्वतः दुरुस्त केली. "अंगठा वर नगं, जावईबापू. मनगट ढिलं सोडा." जावई गरीब स्वभावाचा, त्यानं सोडलं आणि टोकाचं लिंबू भटजींच्या पुढ्यात पडलं. पाठवणीला सगळे रडले. दाजी तेवढे कोरडे उभे राहून म्हणाले, "शेवटचं भाग राहिलं की गं." लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी मात्र त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर दाजींनी मालिका लावलीच नाही. पल्लवी म्हणाली, फोनवरून सांगते. "फोनवर न्हाय." मी वाचून दाखवायला गेलो तर दुसऱ्याच वाक्याला मला थांबवलं, "पाव्हणं, तुमी बातम्या सांगितल्यावानी सांगताय." त्यांना शेवट हवा होता, पण लेकीच्या तोंडून.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला पल्लवी माहेरी आली. आल्या दिवशीच दोघांनी शेवटचा एक सोडून बाकीचे सगळे भाग बघून संपवले. पंचमीला आम्हीही जेवायला गेलो होतो. पुरणाची दिंडं खाऊन दाजींनी रिमोट उचलला, तशी अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, आडवी आली. "पंचमीला विळी उभी करत न्हाईत, भाजी चिरत न्हाईत, आन् तुमी माणसं कापताय?"

"जपानात पंचमी नसती."

"टीव्ही काटेवाडीत हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई न्यायला येणार होता, म्हणजे थांबायलाही जागा नव्हती. शेवटी तह झाला. वार पडायच्या आत दाजींनी चित्र पुढं पळवायचं. दाजी डोळ्यात तेल घालून बसले. तलवार उचलली रे उचलली की बटण दाबायचे. पल्लवी उरलेलं बोलणं सांगत होती. जेवण अंगावर आलेलं, ऐकता ऐकता मी तिथंच लवंडलो.

जाग आली ती चहाच्या वेळेला. टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावर दोन तलवारी खुशाल एकमेकींवर आपटत होत्या आणि बटण दाबायला कोणी नव्हतं, कारण रिमोट पलीकडं पडला होता. दाजींच्या मोडून बऱ्या झालेल्या पायाच्या मांडीवर डोकं ठेवून पल्लवी गाढ झोपली होती. दाजी भिंतीला टेकून जराही न हलता बसले होते.

"काय झाला शेवट?" मी विचारलं.

"कळला न्हाय. पोरीचा डोळा लागला."

"मग उठवायचं की तिला."

"माहेरी येऊन निजल्याल्या लेकीला उठवत्यात व्हय?" ते कुजबुजले.

मी उठून स्वयंपाकघराकडं निघालो, तर मागून दाजींनी हळूच हाक मारली, "पाव्हणं, च्या टाकाय सांगा. पर कपबशी वाजवू नगा म्हनावं."