शेवटच्या रेषेवर उभे राहिलेले नाना

दिनेशचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारहून तळोद्याला निघालेल्या बसमध्ये होते. नानांसाठी दवाखान्यात बसून बसून माझी पार दशा झाली होती, म्हणून विमलवहिनीनेच मला घरी पिटाळलं होतं. अंघोळ कर, चार कपडे घे, संध्याकाळपर्यंत परत ये, म्हणाली. शेजारी मिरचीच्या गोदामातल्या कामावरून परतणारी एक बाई बसली होती. तिच्या पदरातल्या मिरचीने मला ठसका लागत होता आणि ती ओशाळून पदर सावरत होती. तेवढ्यात फोन वाजला. "फुई, नाना गयात," एवढंच दिनेश म्हणाला. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. दिनेश हा माझ्या भावाचा एकुलता एक मुलगा, आणि बाप दवाखान्यात पडेपर्यंत तीन वर्षं त्याने त्याच्याशी एक शब्द काढलेला नव्हता. तापीचा पूल संपल्यावर मी बस थांबवायला लावली, उतरले, रस्ता ओलांडला आणि उलट्या बाजूच्या बसची वाट पाहत उभी राहिले. ती बाईही माझ्यामागे उतरली. तिचं गाव पुढे होतं. मला बस मिळेपर्यंत ती नुसती उभी राहिली...

नाना माझे सख्खे थोरले भाऊ. आमचं गाव ब्राह्मणपुरी. कापूस, ऊस, केळी असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं शेत, आणि दारात घोडी. नाना चालायला आणि घोड्यावर बसायला एकाच सुमारास शिकले, असं आई सांगायची. पावसाळ्यात शाळेची वाट चिखलाने भरली की ते मला मैनेवर पुढ्यात बसवून शाळेत सोडायचे. मैना ही वडिलांनी घेतलेली पांढरी घोडी, रेवाल चालीची. रेवाल म्हणजे पाठीवरच्या माणसाला हिसका बसू न देणारी, पाण्यावरून होडी जावी तशी चाल. मी पाटी मांडीवर धरून बसायची आणि उतरल्यावर आधी खडूची अक्षरं पुसली गेली का ते बघायची. ती पुसलेली नसायची. नाना मैनेच्या मानेवर थाप मारून म्हणायचे, तुझा अभ्यास हिने राखला.

त्याच मैनेवर पुढे नाना शर्यतीत उतरले. तेव्हा डांबरी रस्त्यावरूनच घोडे पळवत. मी आणि माझ्या मैत्रिणी रस्त्याच्या कडेला, उसाच्या बांधावर उभ्या होतो. नाना पुढे होते, पण मैनेच्या तोंडाला फेस आला होता आणि तिच्या श्वासाचा आवाज आम्हाला टापांच्या आधी ऐकू आला. लोक ओरडत होते, टोप्या उडवत होते. नानांनी चाबूक उचलला... शर्यत ते जिंकले. रेषेपलीकडे गेल्यावर मैना गुडघ्यांवर बसली आणि आडवी झाली. पाणी मारल्यावर ती उठली, घरी आली, पण तिची छाती कायमची गेली. वडील म्हणाले, पडली बिचारी, होतं असं. नाना म्हणाले, "ती पडनी नही, मी पाडी तिले." पुढे मैना म्हातारी होऊन मरेपर्यंत परसात बांधलेली होती आणि तिची ती घरघर घरात सगळ्या खोल्यांत ऐकू यायची. नाना तिच्यापासून जरा लांब खाट टाकू शकले असते. त्यांनी कधी टाकली नाही, आणि शर्यतीसाठी पुन्हा कधी खोगीर कसलं नाही.

आमच्याकडे तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, शर्यती होतात, चालीच्या स्पर्धा होतात. तिथे नानांनी आयोजकांच्या मागे लागून एक पद्धत पाडली. शेवटच्या रेषेवर स्वार उतरला की हारतुरे नंतर, आधी घोडा तपासायचा. तोंड उघडून लगामाने जीभ कापली आहे का बघायचं, खोगीर काढून पाठ बघायची, चारही पायांवरून हात फिरवायचा, आणि घटकाभर विसावा देऊन घोडा पुन्हा चालवून बघायचा. ज्याचा घोडा जखमी, तो स्वार बाद. पहिल्या वर्षी लोक हसले. घोड्याच्या तोंडात डोकं घालणारा पाटील म्हणून त्यांची नक्कल करणारे लोक मी स्वतः पाहिलेत. पण नाना वाद घालत नसत. बाद झालेल्या स्वाराला बाजूला घेऊन, त्याचाच हात धरून जखमेवर ठेवत आणि म्हणत, बघ, गरम लागतंय का हाताला. हळूहळू लोकांना सवय झाली. काही स्वार तर रेषा ओलांडण्याआधीच लगाम ढिला सोडायला लागले. नानांना त्याचं फार समाधान होतं. आयुष्यात एवढं एक झालं, असं ते मला म्हणाले होते.

दिनेशला घोड्याचं वेड बापाकडूनच आलं. त्याच्याकडे केसर नावाची तांबूस घोडी होती. तिचा जन्म आमच्याच घरी झाला होता, नानांनीच तिला ओल्या अंगाने उचलून कोरड्या कडब्यावर ठेवलं होतं. दिनेश तिच्यावर बसला की दोघं एकाच हाडाची वाटत. तीन वर्षांपूर्वी शर्यतीला बाहेरगावचे, अगदी गुजरातेतले नामांकित घोडे येणार होते आणि दिनेशने मनाशी धरलं होतं की पहिला नंबर घरात आणायचा. शर्यतीच्या काही दिवस आधी केसरचा पुढचा पाय दुखावला. नानांनी तो शेकला, लेप लावला आणि दिनेशला सांगितलं की हे वर्ष जाऊ दे. दिनेश केसरच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

शर्यतीच्या सकाळी केसर मैदानात होती आणि अजिबात लंगडत नव्हती. मीही त्या दिवशी तिथे होते. दिनेश सगळ्यांच्या पुढे आला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि नाना नेहमीसारखे खाली वाकले. पुढच्या पायावरून त्यांचा हात फिरला, खुराच्या वरच्या सांध्यापाशी थांबला. त्यांनी तो सांधा दाबला. मग जोरात दाबला. केसर शांत उभी होती. आठवड्यापूर्वी जिथे बोट टेकू देत नव्हती, तिथे तिला काहीच कळत नव्हतं. केस बाजूला केल्यावर सुईचा बारीक डाग दिसला. कोणी टोचलं, असं त्यांनी दिनेशला विचारलं. दिनेश गुलालाने माखलेला, दुसरीकडे बघत राहिला. नाना उठले आणि आयोजकांना म्हणाले, "घोडी बाद. स्वार बी बाद."

दिनेश खांद्यांवरून खाली उतरला आणि बापासमोर येऊन म्हणाला, "नाना, तुम्ही मन्हा बाप शेतस का दुश्मन?"

"बाप शे म्हनीसनच सांगी ऱ्हायनू," नाना म्हणाले. "दुसराना पोऱ्या ऱ्हाता तरी हाईच सांगतू."

त्यानंतर जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आयोजकांनी बाजूला जाऊन कुजबुज केली. इतक्या लोकांसमोर गावचा मुलगा बाद करायचा, बाहेरचे लोक काय म्हणतील... शेवटी बापलेकाचं घरचं भांडण आहे असं ठरलं आणि निकाल तोच राहिला. कप दिनेशलाच मिळाला. नानांना कोणीतरी चहा आणून दिला आणि सांगितलं की पुढच्या वर्षी तुम्ही कशाला त्रास घेता, आता वय झालं. दुपारपर्यंत पाय बधिर करणारं औषध उतरलं आणि केसरला पाय टेकवेना. तिला टेम्पोत चढवताना ती ओरडली. घोडा असा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. शहाद्याहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी हाडाला चीर गेल्याचं सांगितलं. दुखलं असतं तर ती थांबली असती, तिला थांबायचं कळूच दिलं नाही, असं ते म्हणाले. नानांनी तिला पोटाखालून पट्टे घालून आढ्याला टांगलं, पाय अधांतरी ठेवला, दिवसचे दिवस तिच्यापाशी बसून काढले. पण पायात पू झाला आणि दुसऱ्या पायावर भार पडून तोही गेला. मग डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं. नानांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दिनेश तेव्हा घरात नव्हता. निकालानंतर तो बायकोला घेऊन शहाद्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेला होता.

पुढची तीन वर्षं माझा भाऊ जिवंत होता, एवढंच म्हणता येईल. तपासायची पद्धत बंद पडली, कारण ती करणारं कोणी उरलं नाही. नाना तरीही दर मार्गशीर्षात बाजाराला जायचे. गर्दीत, दोरीबाहेर उभे राहायचे आणि रेषा ओलांडून आलेल्या घोड्यापर्यंत हात पोहोचतो का बघायचे. स्वयंसेवक त्यांना मागे ढकलायचे. आयोजकांच्या घरी ते गेले, गावोगावच्या स्वारांच्या घरी गेले. लोक पाणी देत, बसा म्हणत आणि दुसरा विषय काढत. तुमच्याच मुलाने ऐकलं नाही, आम्ही काय ऐकावं, असं एकाने तोंडावर सांगितलं. तिथून ते थेट माझ्याकडे तळोद्याला आले. ओट्यावर बसले, जेवले नाहीत. मी म्हटलं, नाना, सोडा आता. त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "घोडाले बोलता येत नही, आन ज्याले येस तो बोलत नही."

या वर्षीच्या शर्यतीत एका घोड्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. शेवटचा टप्पा बाकी होता आणि स्वार चाबूक मारत होता. नाना दोरीखालून आत गेले आणि त्यांनी लगाम धरला. सत्तरीतला माणूस. घोड्याने त्यांना फरपटत नेलं, मग ते सुटले आणि खुरांखाली आले. स्वार थांबला नाही. त्याने शर्यत पुरी केली आणि नंतर म्हातारा मध्ये आला असं सांगितलं. बरगड्या मोडून फुप्फुसात गेल्या होत्या. नंदुरबारच्या दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि विचारलं की त्या घोड्याचं तोंड कोणी बघितलं का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं... त्यांनी डोळे मिटले. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांना मशीनवर ठेवलं आणि ते पुन्हा बोलले नाहीत.

दिनेश दुसऱ्या दिवशी सकाळी आला. वहिनीने त्याला फोन केला होता. काचेतून बापाकडे बघून तो बाहेर आला आणि त्या स्वाराला शोधून त्याचे हात मोडतो म्हणून निघाला. विमलवहिनी बाकावर बसली होती. या सगळ्या वर्षांत तिने ना नवऱ्याला दोष दिला होता, ना मुलाला. दोन्हीकडे भाकरी पोहोचवत राहिली होती. ती जागची न हलता म्हणाली, "जाय. पन त्यानी तुले इचारं, केसरना पाय कसा सुन्न व्हता, त काय सांगशी?"

दिनेशचा हात दाराच्या कडीवर होता, तिथेच राहिला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि मला म्हणाला, "फुई, मीच टोचेल व्हतं." औषध त्याने बाहेरून मिळवलं होतं. सकाळी नाना अंघोळीला गेले तेव्हा टोचलं होतं. केसर त्याच्या हातावर नाक घासत होती, असं त्याने सांगितलं. हे नानांना सांगायचं म्हणून तो आला होता. पुढचे सगळे दिवस तो काचेपाशी उभा होता. नर्सने आत सोडलं की बापाच्या कानाशी वाकायचा. काय सांगायचा ते आम्हाला ऐकू येत नसे. नानांना ऐकू आलं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

उत्तरकार्याला आजूबाजूच्या गावांतली घोडेवाली माणसं आली होती, आयोजकही आले होते. जेवणाची पंगत बसायच्या आधी दिनेश उभा राहिला. त्याने पिशवीतून तो कप काढून सतरंजीवर ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की नाना खरं बोलले होते, सुई मी टोचली, घोडी मी मारली, हे बक्षीस परत घ्या आणि मला कायमचा बाद करा. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आते सांगीसन काय उपेग, भाऊ." आयोजकांपैकी एकजण पुढच्या वर्षी बघू म्हणाला. दिनेशने विचारलं की शेवटच्या रेषेवर घोडे तपासायला मी उभा राहिलो तर चालेल का. त्यावर तेवढंही उत्तर मिळालं नाही. लोक जेवले, हात धुतले, निघून गेले. कप तिथेच पडला होता. शेवटी वहिनीने तो पंगतीच्या भांड्यांबरोबर उचलून आत नेला.

मी तळोद्याला निघायच्या सकाळी दिनेशने मागच्या तबेल्याचं दार उघडलं. बाजाराला जाताना नानांनी ते बाहेरून लावून घेतलं होतं, त्यानंतर कोणी उघडलं नव्हतं. केसरच्या दुखऱ्या पायासाठी नानांनी आत नदीची वाळू आणून पसरली होती. वहिनी म्हणाली, घोडी गेल्यावरही रोज उठून ते ही वाळू दाताळ्याने सारखी करायचे, मागे मागे सरकत दारापर्यंत यायचे, म्हणजे पाऊल उमटू नये. कुणासाठी करता, असं तिने एकदाच विचारलं होतं आणि पुन्हा विचारलं नव्हतं. दारातून उजेड आत गेला. वाळू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी होती, दाताळ्याच्या बारीक रेघा तशाच होत्या. दिनेशने चपला काढल्या, आत टाकायला पाय उचलला.

"ऱ्हाऊ दे," वहिनी मागून म्हणाली. "त्यासना हात फिरेल शे त्यावर."

नानांचा हात फिरलेल्या त्या वाळूवर दिनेशने पाय टेकवला नाही, मागे घेतला. आम्ही तिघं बराच वेळ उंबऱ्याबाहेरच उभे होतो.