श्वास घेऊन बोलणारी पट्टी

भूतखेत, करणी, अंगात येणं... या सगळ्याचा मला पहिल्यापासून तिटकारा. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली देव सोडले, त्यानंतर आमच्या दाराला साधं लिंबू-मिरचीसुद्धा कधी लागलं नाही. तेव्हा हे वाचून कुणी मला अंगारा पाठवू नका. मला त्या दिवशी भीती वाटलीच नाही. किळस आली. अजून येते.

उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. मामाचं हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान, मागे वालधुनीचा घाण नाला, मी मामाच्या हाताखाली. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. भीमगीतांच्या पार्ट्या, सिंधी भजनवाले, सगळ्यांच्या पेट्या आमच्याकडेच यायच्या. मामा कारागीर एक नंबर, पण माणूस... गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

एका दुपारी दीनाताई आल्या. मूळच्या अंबरनाथच्या, कोकणातल्या ज्यू, ज्यांना पूर्वी शनवारतेली म्हणायचे. दहा वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर इस्राएलला गेलेल्या, तरी मराठी आपल्यासारखंच. तिकडे त्या कंपोझर. मला वाटलं, सिनेमाची गाणी करत असतील. हसल्या. म्हणाल्या, गाणी नाहीत, शब्दही नाहीत. मी कागदावर लिहिते, व्हायोलिनवाले वाजवतात. बारा मिनिटांच्या तुकड्याला आठ महिने जातात, आणि पोटासाठी सकाळी शाळेत शिकवते.

सोबत आईची पेटी होती. आई त्यांच्या लोकांच्या मराठी कीर्तनात साथ करायची. देश सोडताना पेटी शेजाऱ्यांच्या माळ्यावर ठेवली, ती तिथेच राहिली. आई वर्षापूर्वी तिकडे वारली. तिच्यासाठी ताई एक रचना लिहीत होत्या. मध्यावर सगळी व्हायोलिनं थांबतात आणि ही पेटी एकच सूर वाजवते, बस.

त्यांनी काळी तीनवर, तिसऱ्या काळ्या पट्टीवर, बोट ठेवलं. "भाऊ, बाकी काय वाट्टेल ते बदला, ही पट्टी तेवढी नको. ही आधी श्वास घेते, मग बोलते. आई वाजवायची तेव्हा मी भात्याला कान लावून बसायचे."

फाटक्या भात्यातूनही ते कळत होतं. आधी नुसती हवा, मग सूर.

त्या गेल्यावर पेटी उघडली. आत उंदरांचं घरटं. लेंड्या, कुरतडलेला कापूस, वाळून लाकडाला चिकटलेली पिल्लं, आणि त्यावर एक दोन-तीन दिवसांपूर्वी मेलेला, फुगलेला उंदीर. वालधुनीच्या वासाला सरावलेलं माझं नाक, पण मी बाहेर जाऊन ओकलो. मामाने पान थुंकलं आणि खुशाल हात घातला. प्रत्येक पट्टीखाली रीड असते, पितळेची पातळ जीभ. वाजते ती तीच. या जुन्या पॅरिसच्या होत्या, आता शोधून मिळत नाहीत. एका भजनवाल्याला तशाच हव्या होत्या. आमच्या धंद्यात हे चालायचं. जुन्या काढायच्या, साध्या बसवायच्या, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.

मी म्हटलं, मामा, काळी तीनची तरी राहू दे.

"येड्या, ती बाई विमानाने चाललीय. परत कशाला येतेय?"

मग मी काय केलं सांगू? साधी रीड घेतली, मुळाशी कानशीचे तीन तिरके घाव घातले, जीभ जराशी उचलली, म्हणजे ती उशिरा बोलेल. कुणाच्या मेलेल्या आईचा श्वास मी कानशीने बनवला, आणि वर जमलं म्हणून खूश झालो. ताई आल्या. पट्टी दाबून डोळे मिटून बसल्या. माझं नाव विचारून लिहून घेतलं आणि पेटी घेऊन गेल्या.

जुनी रीड मात्र मी मामाला दिली नाही. भजनवाल्याच्या सेटमध्ये दुसरी सरकवली आणि ती तंबाखूच्या डबीत घालून घरच्या ट्रंकेत कुलपात ठेवली. अर्धी चोरी टाळली असं मनाला सांगितलं. थू. दर रविवारी विहारात 'न दिलेलं घेणार नाही' म्हणायचो आणि घरी येऊन ती ओठांना लावायचो. आम्ही रीड तशीच तपासतो. आधी श्वास, मग सूर. दर वेळी.

वर्षाने पार्सल आलं. कॅसेट, पत्र, कार्यक्रमाचा छापील कागद. मामा तोवर वारला होता. दुकानात भर दुपारी कॅसेट लावली. खरं सांगतो, व्हायोलिनं मला करवतीसारखी लागली. मग सगळं थांबलं. एक श्वास... आणि सूर. माझी घासलेली रीड शेवटी खरखरायची. हा सूर खरखरला नाही.

पत्रात ताईंनी लिहिलं होतं, "पहिले काही महिने ती पट्टी परक्यासारखी बोलत होती. मला वाटलं, हवा बदलली म्हणून. मग एके दिवशी लिहिता लिहिता सहज दाबली, तर आईच."

मी तसाच घरी गेलो. कुलूप जागेवर, किल्ली माझ्या करगोट्याला. डबी उघडली. आत एक रीड होती, मुळाशी कानशीचे तीन तिरके घाव. मी स्वतःच्या हाताने पेटीत बसवून इस्राएलला धाडलेली. आणि वास... तोच, फुगलेल्या उंदराचा. तरी ओठांना लावली. खरखरली. मोरीत जाऊन ओकलो.

डबीचं कुणालाच माहीत नव्हतं. बसवतानाच माझी अदलाबदल झाली म्हणावं, तर वर्षभर ओठांना काय लावत होतो?

पत्राच्या शेवटी होतं, "आईच्या सुराला तुम्ही हात लावला नाहीत, म्हणून कार्यक्रमाच्या कागदावर तुमचं नाव छापून घेतलंय."

कागद हिब्रूत आहे. त्यातली कुठली अक्षरं माझ्या नावाची, मला माहीत नाही. आजवर कुणाला विचारलेलं नाही.