धुक्याचं चित्र

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, विलेरविल गावात झेली शिंपल्या वेचून विकायची. नवरा तापानं गेल्यापासून तिचा एकुलता एक मुलगा प्रॉस्पेर होडी घेऊन मासेमारीला जाई. माडीवरच्या खोलीत भाडेकरू असे. त्या वर्षी आला वाल्द्रँ, पॅरिसचा चित्रकार. त्याला ना होड्या काढायच्या होत्या, ना माणसं. त्याला हवा रंगवायची होती, त्यातही धुकं.

"धुकं बघायला पॅरिसहून येतात!" शेजारीण होर्तांस खिदळली. "सांगितलं असतं, तर पिंपं भरून धाडलं नसतं का?"

झेलीही पोट धरून हसली.

लख्ख उन्हाला वाल्द्रँ रोज शिव्या घालायचा. मग एका सकाळी, प्रॉस्पेर समुद्रावर असताना, धुकं उतरलं. वाल्द्रँ धावतच किनाऱ्यावर गेला. होड्यांना किनारा कळावा म्हणून झेली तिथं शिंग फुंकत उभी होती.

"झेलीबाई, बघा तरी! राखाडीच्या आतून गुलाबी कसं फुटतंय!"

"साहेब, माझा पोरगा आहे त्यात."

वाल्द्रँ ओशाळला. त्यानं ब्रश खाली घेतला. पण नजर पाण्यावरून हलेना, आणि जरा वेळानं हात आपसूक चालू लागला. झेलीनं ते पाहिलं. रागवायला तिच्यापाशी श्वास नव्हता. सगळा शिंगात जात होता.

दुपारी धुकं फाटलं. बाकीच्या होड्या परतल्या. प्रॉस्पेरची आली नाही. गावानं खूप शोधलं. फळकूटही सापडलं नाही.

पॅरिसला निघताना वाल्द्रँनं ते चित्र तिच्या टेबलावर आणून ठेवलं. "मला हे जवळ ठेववत नाही, बाई. फाडवतही नाही."

झेली बराच वेळ बघत राहिली. "यात त्याची होडी कुठंय?"

"दिसत नव्हती."

"पण होती ना? तुम्ही रंगवत होता तेव्हा तो असेलच की अजून. काढून द्या. एवढीशी."

त्यानं रंग कालवला. ब्रश चित्राजवळ नेला, मागे घेतला, पुन्हा नेला.

"कुठं काढू?" तो रडकुंडीला आला. "मला ठाऊक नाही, बाई."

ठाऊक तिलाही नव्हतं.

"जाळून टाक ते," होर्तांस पुढं कितीदा म्हणाली. झेलीनं ते कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. झाडलोट करताना बाहेर काढलं, की ती त्या राखाडीवरून बोट फिरवी, रंग कुठं जाड लागतो ते चाचपी, आणि पुन्हा आत सरकवी.