भाच्याची पोटदुखी आणि माझं पत्रक

माझ्या भाच्याची रडायची वेळ ठरलेली होती. संध्याकाळी साडेपाचला सुरू, साडेआठला बंद. मध्ये सुट्टी नाही, रविवारीही नाही. दिवसभर तो अगदी शहाण्या माणसासारखा वागायचा. साडेपाच वाजले की पाय पोटाशी घ्यायचा, मुठी आवळायचा, लालबुंद व्हायचा आणि गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जाईल असा आवाज लावायचा. गिरणी चालू असतानासुद्धा.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाळ ठणठणीत आहे. पोटात वारा धरतो. तीन-चार महिन्यांत आपोआप थांबेल." तीन-चार महिने हे शब्द त्यांनी फारच सहज उच्चारले. (ते आमच्या गल्लीत राहत नव्हते.)

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. आमचं घर म्हणजे नाशकात द्वारका चौकाच्या अलीकडे पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. कुसुमताई येवल्याहून बाळंतपणाला आली होती. दाजी तिकडे एसटीत कंडक्टर होते. मिलिंद दोन महिन्यांचा झाला आणि ताईची बी.ए.ची शेवटची परीक्षा दहा दिवसांवर आली. लग्न, नोकरी, बाळ, या सगळ्यांतून वाट काढत तिनं ही परीक्षा गाठली होती. दोनदा फॉर्म भरून दोनदा राहिली होती. दिवसभर मूल, आल्यागेल्यांचा राबता. अभ्यासाला मिळायची ती संध्याकाळच, आणि संध्याकाळ भाच्यानं घेतलेली.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि पत्रकं लिहीत होतो. हुंड्याविरुद्ध, भाववाढीविरुद्ध, स्त्रीशिक्षणाच्या बाजूनं. मी जेवताना म्हणालो, "ताई, तू अभ्यास कर. संध्याकाळी बाळाला मी सांभाळणार. पुरुषांनी ही जबाबदारी घेतलीच पाहिजे."

बाबांनी ताटातून मान वर केली. "तू?"

"का नाही?"

"नाही, म्हटलं विचारून घ्यावं."

पहिल्याच संध्याकाळी आई हिंग उगाळून आली. "बेंबीभोवती लावते. तुम्हा दोघांना हेच लावलंय."

"आई, याला पुरावा काय?"

"तू."

मी हिंग नाकारला. ओव्याच्या पुरचुंडीचा शेकही नाकारला. शेजारच्या गयाबाई मावशी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आल्या, त्यांना तर दारातच थांबवून मी पाच मिनिटं बोललो. मावशी मूळच्या चांदवडकडच्या, त्यांचे मालक टेम्पो चालवायचे. शांतपणे ऐकून घेतल्यावर त्या आईला म्हणाल्या, "पोरगं लय हुशार हाय वं तुमचं. पण बाळ रडतंय आत."

मी मिलिंदला खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, पालथं हातावर घेतलं. खुळखुळा वाजवला. मग स्त्रीशिक्षणावरचं माझं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. तो आणखी जोरात रडला. आतून ताई म्हणाली, "मलाही तसंच होतंय. थांबव."

सात वाजता बाबा पुढच्या खोलीत एका लग्नपत्रिकेचं काम काढायला उभे राहिले. आमचं ट्रेडल मशीन पायानं चालायचं. पायटा दाबला की चाक फिरायचं, जबडा उघडायचा, कागद ठेवायचा, जबडा मिटायचा. खट-खटाक, खट-खटाक. दहाव्या खटाकला मिलिंदचा आवाज उतरला. विसाव्याला तो नुसता हुंदके देत राहिला. बाबांनी शाई लावायला मशीन थांबवलं, त्यानं पुन्हा तोंड उघडलं. मशीन सुरू, बाळ गप्प. मशीन बंद, बाळ सुरू. आम्ही हा प्रयोग चार वेळा केला. (पाचव्यांदा करायला ताईनं मनाई केली.)

"ताई, मशीनचा आवाज चालेल तुला?"

"त्या आवाजात मी पहिलीपासून अभ्यास केलाय," ती म्हणाली. "तू फक्त पाय हलव."

अडचण एकच होती. मजकूर चढवल्याशिवाय आणि कागद लावल्याशिवाय मशीन हलवायचं नाही हा बाबांचा नियम. रिकामं मशीन चालवणं त्यांना रिकाम्या तव्याखाली जाळ घालण्यासारखं वाटायचं. आणि तीन तास पुरेल एवढं काम आमच्या छापखान्याला रोज कुठून येणार? तेव्हा मी ठरवलं, आपणच छापू. लग्नपत्रिकांच्या कापून उरलेल्या गुलाबी, पिवळ्या कागदांची थप्पी कोपऱ्यात होतीच. तळहाताएवढ्या कागदावर बसेल असा मजकूर मी रात्रीतून शिशाच्या अक्षरखिळ्यांनी जुळवला : 'मातांनो, बाळ रडते म्हणून अंगारा लावू नका. गंडा बांधू नका. दृष्ट काढू नका. कारण शोधा.' शेवटी माझं नाव.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या दारात मिलिंदची झोळी, झोळीच्या दोरीला आईचा हात, आत ताईचं अर्थशास्त्र, आणि पायट्यावर मी. एका संध्याकाळी बाराशे पत्रकं निघाली. दुसऱ्या संध्याकाळी पंधराशे, कारण मिलिंद साडेआठनंतरही जागा होता. चौथ्या दिवशी घरात बसायला जागा राहिली नाही. बाबा गठ्ठ्यावर बसून चहा पिऊ लागले.

"एवढ्या माता तरी आहेत का नाशकात?" त्यांनी विचारलं.

वाटपाचा प्रश्न गयाबाई मावशींनी सोडवला. "दे माझ्याकडं शंभरेक," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे मागायला आल्या. मग त्यांची नणंद आली. मग पंचवटीहून दोघीजणी. मग चांदवडहून एक बाई एसटीनं, पदरात पेढ्यांची पुडी घेऊन. माझी पत्रकं याआधी लोकांनी घेतली होती, पण कुणी ती घ्यायला पेढे घेऊन आलं नव्हतं. मी आईला म्हणालो, "बघितलंस? माणसं बदलायला तयार असतात. सांगणारा पाहिजे."

आई म्हणाली, "पेढा खा."

सहाव्या दिवशी दुपारी मी वाचकांची मतं जाणून घ्यायला वही घेऊन गयाबाई मावशींच्या घरी गेलो. त्यांच्या नातवाच्या पाळण्याला काळ्या दोऱ्यानं गुलाबी कागदाची घडी बांधलेली होती. घडीवर काजळाचा ठिपका होता. मी ती सोडवून उघडली. आत माझं नाव होतं.

"मावशी, हे काय?"

"तुझाच कागद हाय की."

"पण यात लिहिलंय की असलं काही बांधू नका."

"मला कुठं वाचता येतंय, बाबा," मावशी म्हणाल्या. "पण गुण लय येतो."

मी तिथल्या तिथे खाली बसलो. ज्यांच्यासाठी छापलं त्यांना वाचता येतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते बाजूला ठेवून मी मशीनच्या आवाजाचं कारण समजावू लागलो. एकसारखा ठेका, बाळाला लागणारी सवय वगैरे.

"आवाज कशाचा? मशीनचा. मशीनीत काय? कागद," मावशी म्हणाल्या. "मग मी येगळं काय म्हनतेय?"

"कागदावर काहीही छापलेलं असतं तरी तो झोपला असता."

"मग छापतोस कशाला?"

मी वही मिटली. घरी आलो तर आईनं द्वारकेपलीकडच्या बुवांच्या अंगाऱ्याची पुडी पुढे ठेवली. कुणीतरी प्रेमानं मिलिंदसाठी आणून दिली होती. बुवा आजवर पुड्या रद्दीत बांधायचे. आता पिवळ्या कागदात बांधत होते. 'अंगारा लावू नका' ही ओळ पुडीवर अगदी स्पष्ट दिसत होती.

"छपाई स्वच्छ आलीय," बाबा पुडी उजेडात धरून म्हणाले.

मी त्याच दिवशी मशीन बंद करणार होतो. तत्त्वाचा प्रश्न होता. तेवढ्यात साडेपाच वाजले, मिलिंदनं पाय पोटाशी घेतले, आणि आतल्या दारातून ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पायट्यावर उभा राहिलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी पायट्याचा दांडा मोडला. पहिलाच पेपर अर्थशास्त्राचा, ताईची तीन प्रकरणं राहिलेली. वेल्डिंगवाला म्हणाला, "उद्या बारानंतर." मी त्याला स्त्रीशिक्षणाचं महत्त्व सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. उद्या बारानंतर."

साडेपाचला मिलिंद सुरू झाला. मी तोंडानं खट-खटाक केलं. पाटावर लाटणं आपटलं. बाबांनी हातानं चाक फिरवून पाहिलं, पण ठेका काही जमेना. पावणेसात झाले. ताईनं पुस्तक मिटलं आणि उठली. "राहू दे रे. दे इकडे. पुढच्या वर्षी बघू," असं म्हणाली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"अर्धा तास दे," मी म्हणालो. "आत जा, दार लावून घे."

मग मी आईला हिंग मागितला. आईनं सहाणेवर उगाळून दिला. ओव्याचा शेकही दिला, आधी माझ्या मनगटावर तपासून. बाळाला पालथं हातावर घेऊन मशीनभोवती फेऱ्या घातल्या. पाठीवर थोपटलं. बाविसाव्या फेरीला त्यानं एवढासा ढेकर दिला आणि जरा थांबला. मी त्याला हळूच झोळीत ठेवलं. त्यानं ओठ काढले. खोलीत कुणी नव्हतं, आई चुलीपाशी होती. मी इकडेतिकडे पाहिलं, एक काम उरकलं आणि झोळी हलवू लागलो. दोन मिनिटांनी त्याच्या पोटातून वारा सरल्याचा आवाज आला, कुणाही मोठ्या माणसाला साजेल असा, आणि तो झोपला. ताईची तिन्ही प्रकरणं झाली. ती दुसऱ्या वर्गात पास झाली आणि पुढे येवल्याच्या हायस्कुलात अर्थशास्त्र शिकवू लागली.

त्या रात्री नऊ वाजता ती बाहेर आली होती. "कसा झोपवलास?"

"वारा अडकला होता. शेक आणि पालथं धरणं. पूर्णपणे शास्त्रीय पद्धत."

तिनं बाळाचं दुपटं नीट करायला झोळीत हात घातला आणि दुपट्याखालून गुलाबी कागद बाहेर काढला. तिनं त्यावरचं माझं नाव मोठ्यानं वाचलं. तिला वाटलं मी नाकारीन. पण खोटं बोलायचं नाही हे माझं पहिलं तत्त्व.

"छापलेली बाजू कुठे होती," तिनं विचारलं, "वर का खाली?"

"वर," मी म्हणालो. "खाली ठेवून काय उपयोग?"